मोबाइलचं घड्याळ आणि गेमचं कुलूप

गेल्या महिन्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. "अरे, याचं गेमचं अकाउंट हॅक झालंय. पासवर्ड बरोबर आहे, मोबाइलवरचा कोडही टाकतोय, तरी आत घेत नाही." मागून भाच्याचा आवाज, "मामा, त्यांचा सर्व्हरच गंडलाय!" मी विचारलं, मोबाइलमध्ये किती वाजलेत? जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग कबुली आली. दुसऱ्या एका गेममध्ये सगळ्या 'लाइफ' संपल्या की काही तास वाट बघावी लागते. ती टाळायला चिरंजीवांनी मोबाइलचं घड्याळ नऊ तास पुढे सरकवलं होतं.

घड्याळ पुढे गेलं तर कोड का चुकावा? हा प्रश्न मी नंतर चारचौघांना विचारून पाहिला. बहुतेकांना वाटतं की पासवर्डनंतरचा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधले ते सहा आकडे कंपनीकडून इंटरनेटवरून 'येतात'. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे हा समज पक्का बसलाय. पण मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, हवं तर सिमही काढा. आकडे दर तीस सेकंदांनी बदलतच राहतात, आणि लॅपटॉपवर टाकले की चालतातही.

गेमच्या दुनियेत ही गंमत जुनी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'वाल्या ब्लिझार्डने जून २००८ मध्ये साडेसहा डॉलरला एक छोटं यंत्र विकायला काढलं. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचं, बटण दाबलं की आकडे दिसायचे. त्याला ना सिम, ना वायफाय. लोकांनी ते वापरावं म्हणून पुढे खेळात दोन डोक्यांचं कुत्र्याचं पिल्लू फुकट दिलं जाई. सुरक्षेसाठी नाही, पण पिल्लासाठी लोक तयार होतात, हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं.

मग हे आकडे सर्व्हरला कळतात कसे? पंचांग आठवा. सोलापुरात बसून गणित करणारा आणि पुण्यात बसून गणित करणारा एकमेकांना फोन करत नाहीत, तरी पुढच्या वर्षीची संकष्टी दोघांकडे एकाच दिवशी येते. रीत एक, सुरुवातीचे आकडे एक, म्हणून उत्तर एक. सुरुवातीचा आकडा बदलला की काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. टिळक पंचांगाचा अयनांश (राशिचक्र कुठून मोजायचं ते ठरवणारा आकडा) वेगळा, म्हणून ते मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो. (पंचांगातलं खगोलगणित हे खरं गणित आहे. कुठल्या मुहूर्तावर गाडी घ्यावी, हा त्याच छपाईतला दुसरा मजकूर. दोघांना एकाच पारड्यात टाकू नका.)

ऑथेंटिकेटरमध्ये रीत जगजाहीर आहे. इंटरनेटच्या रीती मांडणाऱ्या जाहीर दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. त्यातला डिसेंबर २००५चा आरएफसी ४२२६ आणि त्यात घड्याळ जोडणारा मे २०११चा आरएफसी ६२३८, दोन्ही कुणीही वाचावेत. गुपित आहे तो फक्त सुरुवातीचा आकडा. ॲप पहिल्यांदा जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात हीच गुप्त किल्ली असते. एक प्रत मोबाइलमध्ये, एक सर्व्हरवर. त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट 'असू दे' म्हणून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणारे महाभाग मी पाहिलेत.

आता माझा आवडता भाग. संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. १ जानेवारी २०२६ला पहाटे साडेपाचला हा आकडा १,७६,७२,२५,६०० होता. त्याला ३० ने भागा : ५,८९,०७,५२०. पुढची तीस सेकंद हाच आकडा धरायचा, मग त्यात एक मिळवायचा. हा झाला 'कितवं अर्धं मिनिट' याचा क्रमांक.

हा क्रमांक आणि गुप्त किल्ली एकत्र मिक्सरमध्ये टाकायची. मिक्सरचं नाव शा-१. त्यातून काहीही फिरवा, बाहेर पडतात ० ते २५५ मधल्या बरोबर वीस संख्या. चटणीतून खोबरं पुन्हा वेगळं काढता येत नाही, तसं त्या विसांवरून किल्ली काढता येत नाही. शिवाय चिमूटभर मीठ बदललं तरी अख्खी चटणी बदलते. दस्तऐवजातच नमुना दिलाय. किल्ली म्हणून १२३४५६७८९०१२३४५६७८९० घेतली, तर क्रमांक ० ला कोड येतो ७५५२२४, १ ला २८७०८२ आणि २ ला ३५९१५२. शोधा बघू यात काही क्रम.

वीस संख्यांमधून सहा आकडे निवडायची युक्ती मला फार देखणी वाटते. समजा मिक्सरमधून हे निघालं :

३१, १३४, १५२, १०५, १४, २, २०२, २२, ९७, १३३, ८०, २३९, १२७, २५, २१८, १४२, १४८, ९१, ८५, ९०

शेवटची संख्या बघा : ९०. तिला १६ ने भागा, बाकी उरते १०. म्हणून शून्यापासून मोजत दहाव्या जागी जा आणि तिथून चार संख्या उचला : ८०, २३९, १२७, २५. पहिली १२८ किंवा त्याहून मोठी असती तर तिच्यातून १२८ वजा केले असते; इथे गरज नाही. आता एकक-दशक-शतकाऐवजी २५६ च्या पटीत स्थानिक किंमत द्या. ८० ला २५६ च्या घनाने गुणा, २३९ ला वर्गाने, १२७ ला २५६ ने आणि २५ तसेच ठेवून बेरीज करा. उत्तर १,३५,७८,७२,९२१. शेवटचे सहा आकडे, ८७२९२१, हाच तुमचा कोड. कुठून कापायचं हेही चटणीच ठरवते!

प्रत्यक्षात मिक्सर एकदा नाही, दोनदा फिरतो. या पद्धतीला एचमॅक म्हणतात. शा-१ मजकूर ६४ बाइटच्या (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या) घासांनी खातो आणि शेवटच्या घासानंतरची त्याची अवस्था हेच उत्तर असतं. म्हणजे नुसतं 'किल्ली आणि मग मजकूर' असं फिरवलं, तर उत्तर पाहणारा किल्ली माहीत नसतानाही पुढचे घास भरवत राहू शकतो. म्हणून आधी किल्लीच्या प्रत्येक बाइटची ५४ शी एक्स-ऑर (दोन्हींचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) करून मजकुरासह फिरवायचं, मग मूळ किल्लीची ९२ शी एक्स-ऑर करून पहिल्या उत्तरासह पुन्हा फिरवायचं. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलने दोन वेगळ्या पीडीएफ फायलींमधून शा-१ चं एकच उत्तर काढून दाखवलं तेव्हा 'शा-१ मेला' अशी ओरड झाली. पण 'दोन मजकुरांचं उत्तर एकच येऊ नये' या गुणावर एचमॅकची मदार नाही, त्यामुळे आपल्या कोडचं काही बिघडलं नाही. डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, कुलूप तरीही उघडेल.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं ॲप सहा आकड्यांऐवजी पाच अक्षरांचा कोड देतं. ही अक्षरं २६ चिन्हांतून निवडलेली असतात. त्यात ए, ई, आय, ओ, यू नाहीत, त्यामुळे चुकूनही अचकटविचकट शब्द तयार होत नाही. एकूण शक्यता १,१८,८१,३७६, सहा आकड्यांच्या दहा लाखांपेक्षा बाराएक पट. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह. तिचे सहसंस्थापक गेब न्यूएल यांनी २०११ साली, कोड ईमेलने यायचा तेव्हा, पासवर्डनंतरच्या या दुसऱ्या पायरीवरचा विश्वास दाखवायला स्वतःचा पासवर्डच भर कार्यक्रमात सांगून टाकला होता. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हनेच लिहिलं की महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जातात. दुसरी पायरी असते, लोक ती चढत नाहीत.

त्याऐवजी लोक काय करतात? गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणारे पासवर्डलाही तोच न्याय लावतात. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायचा, मागे एक '@' चिकटवायचा, हेही त्यातलंच कर्मकांड. ते रूढ करणारा २००३चा सल्ला अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिला होता. त्याचा पश्चात्ताप होतो, असं त्यांनीच २०१७ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी निस्टनेही कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, असं म्हटलं.

ऑथेंटिकेटरलाही एक भोक आहे. 'आमच्या टीमला मत दे, फुकट स्किन (गेममधला नवा वेश) घे' अशी लिंक येते, समोर हुबेहूब लॉगिनचं पान उघडतं. तुम्ही पासवर्ड आणि कोड टाकता, पलीकडचा प्रोग्राम तीस सेकंदांच्या आत तेच खऱ्या साइटवर टाकतो. गणित बरोबर, माणूस चुकला. यावर उतारा म्हणजे पासकी, पासवर्डच्या जागी वापरायची डिजिटल किल्ली. तिच्यात सर्व्हरकडे गुपिताची प्रत नसतेच, आणि किल्ली साइटच्या पत्त्याला बांधलेली असल्यामुळे खोट्या पानावर ती वळतच नाही. निन्टेंडोने २०२३ मध्ये आणि प्लेस्टेशनने २०२४ मध्ये ती सुरू केली. पासकीचं गणित आणखी सुंदर आहे, पण संपादक एवढी जागा देणार नाहीत.

भाच्याला मी घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर टाकायला सांगितलं. थोडीफार चूक सर्व्हर पोटात घालतो, आधीच्या किंवा पुढच्या अर्ध्या मिनिटाचा कोड सहसा चालवून घेतो. नऊ तास म्हणजे १,०८० घरं पुढे, तिथे तो काय करणार? कोड पहिल्या फटक्यात चालला. ताई खूश. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, या वेळी भाच्याचाच : "मामा, त्या दुसऱ्या गेममध्ये आता पुढची लाइफ यायला साडेनऊ तास दाखवतंय."