न दुखणारी जखम

घाना, बेनिन किंवा आयव्हरी कोस्टमधल्या एखाद्या खेड्यात लहान मुलाच्या पायावर गाठ येते. हाताला टणक लागते, पण दाबली तरी दुखत नाही. ताप नाही, ठणका नाही. मग दिवसाची मजुरी बुडवून दूरचा दवाखाना कोण गाठणार? काही आठवड्यांनी कातडी फाटते. जखमेचं तोंड लहान दिसतं, पण कड जरा उचलली की खाली पोकळी असते. कातडीखालची चरबी मरून पिवळट-पांढरी, भिजल्या कापसासारखी झालेली असते.

हा बुरुली व्रण. युगांडातल्या बुरुली भागात १९६०च्या दशकात याचे बरेच रुग्ण आढळले, त्यावरून हे नाव पडलं. जिवाणूची ओळख मात्र त्याआधीच, १९४८ साली ऑस्ट्रेलियात पटली होती. मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स हा क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूंचा भाऊबंद. त्याला ३० ते ३३ अंश सेल्सिअसचं तापमान मानवतं, म्हणून शरीराच्या ऊबदार आतल्या भागापेक्षा तो कातडीत रमतो.

कोडं असं होतं की जिवाणू एका जागी गोळा झालेले, आणि पेशी मात्र त्यांच्यापासून दूरवरही मेलेल्या. म्हणजे काहीतरी झिरपत जात होतं. १९९९ साली ते सापडलं: मायकोलॅक्टोन. नुसतं हे विष गिनीपिगच्या कातडीत टोचलं, तरी तसाच व्रण झाला. घटसर्प, धनुर्वात यांची विषं प्रथिनं असतात. हे मात्र स्निग्ध पदार्थासारखं आहे. पेशीचं आवरणही स्निग्धच, त्यामुळे ते त्यातून सहज आत मुरतं.

आत गेल्यावर ते काय करतं, हे मला या रोगातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. पेशीबाहेर पाठवायची किंवा तिच्या आवरणात बसवायची बहुतेक प्रथिनं तयार होत असतानाच एका बारीक छिद्रातून ओवली जातात, सुईच्या नाकातून दोरा ओवावा तशी. त्या छिद्राचं नाव सेक-६१. मायकोलॅक्टोन नेमकं तिथेच अडकून बसतं. दोरा ओवलाच जात नाही, आणि अडलेली प्रथिनं पेशी मोडून टाकते.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर थ्रॉम्बोमॉड्युलिन नावाचं प्रथिन असतं. ते रक्त गोठू देत नाही. त्याचा नवा पुरवठा थांबला की भोवती फायब्रिन, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणारे धागे, साचतं, रक्त पोहोचेनासं होतं आणि आधीच विषाने खिळखिळी झालेली उती प्राणवायूवाचून मरते. रोगप्रतिकारक पेशींचे धोक्याचे निरोपही याच छिद्रातून जायचे असतात. ते अडल्यामुळे जखम एवढी मोठी होऊनही ताप येत नाही.

आणि वेदना? उंदरांवरच्या २०१४च्या प्रयोगांत असं दिसलं की हे विष चेतापेशींवरच्या एका ग्राहीला, म्हणजे अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून त्या पेशींना गप्प करतं. मूल उशिरा दवाखान्यात येतं याचा दोष आईबापांना देण्याआधी हे आठवावं. दुखणं लपवण्याचं काम विषच करत असतं.

पूर्वी व्रणाभोवतालचा मोठा भाग कापून काढत. आता आठ आठवडे रिफाम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन देतात. यातलं रिफाम्पिसिन म्हणजे आपल्याकडे क्षयाला आणि कुष्ठरोगाला देतात तेच. औषध लागू पडलं की जिवाणू मरतात, विष ओसरतं, आणि इतके दिवस अडवून ठेवलेली प्रतिकारशक्ती जागी होते. मग काही रुग्णांची जखम उलट सुजते, चिघळल्यासारखी दिसते. घरचे घाबरतात, औषध बंद करू म्हणतात. अशा वेळी गोळ्या चालू ठेवायच्या असतात, कारण बऱ्याचदा ती सूज शरीर पुन्हा लढायला लागल्याची असते.