अडखळत वाचणारं मूल नेमकं कुठे अडतं?

दुसरीतलं मूल मोठ्याने वाचतंय : ‘मुं...गी...ने दा...णा उ...च...ल...ला आ...णि तो बि...ळा...त ने...ला.’ एकही अक्षर चुकलेलं नाही. पण ‘दाणा कुणी उचलला?’ असं विचारलं की ते पुन्हा पुस्तकात बघतं. ‘आत्ताच तर वाचलंस, लक्ष कुठे आहे तुझं?’ असं आपण पटकन बोलून जातो. खरं तर त्याचं सगळं लक्ष वाचण्यातच होतं, आणि अडचण तिथेच आहे.

एखादी गोष्ट हाताळत असताना ती क्षणभर मनात धरून ठेवावी लागते. हे काम कार्यस्मृती करते. ती मोठ्यांचीही तोकडी असते, मुलांची तर फारच. ती सगळी अक्षरं जुळवण्यात खर्च झाली, की वाक्य संपेपर्यंत मुंगी निसटून गेलेली असते. अक्षरं आपोआप ओळखू यायला लागली, तरच मन अर्थाकडे वळायला मोकळं होतं. लाबर्ज आणि सॅम्युअल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली हा विचार मांडला आणि तो आजही वाचनाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो.

बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचन मात्र शिकवावं लागतं. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचं. एवढ्याशा काळात मेंदूत वाचनासाठी खास भाग उत्क्रांत होणं शक्यच नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांच्या मते, वस्तू आणि चेहरे ओळखायला मदत करणाऱ्या डाव्या मेंदूतल्या यंत्रणेचा एक भाग सरावाने अक्षरांच्या कामाला लागतो. पण या यंत्रणेला एक जुनी सवय असते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. अक्षरांना आणि अंकांना हे चालत नाही. म्हणूनच सुरुवातीला कितीतरी मुलं ३ च्या जागी ६ लिहितात. त्यावरून लगेच घाबरून जाण्याचं कारण नाही.

देवनागरीचे स्वतःचे पेचही आहेत. ‘बिळात’ या शब्दात पहिली वेलांटी ‘ब’च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. ‘र’ तर ‘रस’मध्ये एक, ‘सूर्य’मध्ये डोक्यावरचा रफार आणि ‘क्रम’मध्ये पायाशी तिरकी रेघ! आपल्याला हे जाणवतही नाही, मुलाला मात्र प्रत्येक रूप वेगळं शिकावं लागतं. कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करताना सोनाली नाग यांना दिसलं, की मात्रा आणि जोडाक्षरांसकट सगळी अक्षरं पक्की व्हायला प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं लागतात. पहिलीत मुळाक्षरं झाली म्हणजे काम संपलं, असं धरून चालणं मुलांवर अन्याय आहे.

म्हणून मूल अडलं की शब्द लगेच सांगू नये आणि चित्र बघून अंदाज करायलाही लावू नये. तीन-चार सेकंद थांबावं, शब्द तोडून द्यावा, आणि जमल्यावर ते वाक्य पुन्हा सलग वाचायला सांगावं. हे दुसऱ्यांदा वाचणं फार मोलाचं. तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ वाढतो, आणि थोडाफार फायदा नव्या उताऱ्यालाही मिळतो. अक्षरं हाताने लिहिल्यानेही ती चांगली लक्षात राहतात.

पण एवढ्याने भागत नाही. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ साली साधं सूत्र मांडलं : वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेचं आकलन. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य, तर उत्तरही शून्य.

आकलन वाढतं कशाने? शब्दांनी आणि माहितीने. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळाची माहिती असलेली मुलं वाचनात पक्की, पण खेळातलं फारसं न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. नुसते ‘उताऱ्यावरील प्रश्न’ सोडवून घेण्यापेक्षा मुलांशी पाऊस, ग्रह, मुंग्या, जुनी राज्यं यांबद्दल भरपूर बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं ते यामुळेच.

आणि मूल स्वतः वाचायला लागलं, तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नये. या वयात ऐकून जेवढं समजतं, तेवढं वाचून समजत नाही. पुस्तकातली लांब वाक्यं आणि रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द त्याच्यापर्यंत कानावाटेच पोचतात. मध्येच थांबून ‘तिने असं का केलं असेल?’ एवढंच विचारावं. परीक्षा घेतल्यासारखं मात्र नको.

नियमित सराव मिळूनही दुसरीच्या अखेरीस साधे शब्द जुळत नसतील, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची, शक्यताही तज्ज्ञांकडून पडताळावी. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. बहुतेकदा अडचण शब्दातले ध्वनी वेगळे करण्यात असते, आणि मदत जितकी लवकर मिळेल तितकी बरी. तोवर त्याच्या इयत्तेचं विज्ञान, इतिहास आणि गोष्टी कुणीतरी रोज वाचून दाखवत राहावं, म्हणजे अक्षरांशी झगडत असतानाही त्याची समज वर्गाच्या मागे पडणार नाही.