वकिलानेच लिहिलेला खटला: ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा भाग, लेक सुपीरियरचा काठ आणि बिग बे नावाचं खेडं. जुलै १९५२ संपता संपता एका मध्यरात्री तिथल्या ‘लंबरजॅक टॅव्हर्न’ या बारमध्ये लष्करातला एक लेफ्टनंट शिरला आणि त्याने बारमालकाला गोळ्या घालून ठार केलं. मालकाने माझ्या बायकोवर बलात्कार केला, असं या लेफ्टनंटचं म्हणणं होतं. कोणी मारलं, कशाने मारलं, कुणासमोर मारलं, यातलं काहीच गुलदस्त्यात नव्हतं. रहस्यकथेला लागतो तसा ऐवज इथे नव्हताच.

आरोपीचं वकीलपत्र घेतलं जॉन व्होल्कर यांनी. जवळच्याच इश्पेमिंगचा हा माणूस मार्क्वेट काउंटीचा अनेक वर्षं सरकारी वकील होता. हे पद तिथे निवडणुकीने मिळतं. १९५० मध्ये ते हरले आणि खासगी वकिली करू लागले. म्हणजे ज्या कोर्टात वर्षानुवर्षं आरोपींना शिक्षा व्हावी म्हणून युक्तिवाद केले, तिथेच आता समोरच्या बाजूला उभं राहायचं होतं. सप्टेंबर १९५२ मध्ये खटला चालला आणि ज्युरीने आरोपीला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं.

पुढे व्होल्कर यांनी या खटल्यावर ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही कादंबरी रचली. १९५९ मध्ये तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला. आईचं माहेरचं आडनाव घेऊन ‘रॉबर्ट ट्रॅव्हर’ या टोपणनावाने ती जानेवारी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वर्षाहून अधिक काळ खपाच्या यादीत राहिली. गंमत अशी की, दरम्यान १९५७ मध्ये राज्यपालांनी व्होल्कर यांना मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं होतं. बचावाचा वकील आपल्या अशिलाला कसा पढवतो, हे उघडं करणारी कादंबरी बाजारात आली तेव्हा तिचा लेखक राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात न्यायमूर्ती म्हणून बसत होता.

पुस्तकाचा आणि नंतर चित्रपटाचा खरा गाभा मला या पढवण्यातच दिसतो. साक्षीदार पढवलेला आहे, हा आरोप आपल्याकडे कोर्टात रोज होतो. पण इथे पढवणं नियमात बसवून कसं करतात ते दाखवलं आहे. कथेतला वकील पॉल बीगलर आरोपी लेफ्टनंट मॅनियनला तुरुंगात भेटतो आणि खुनाच्या आरोपातून सुटायचे चार रस्ते सांगतो. खून झालाच नाही, अपघात किंवा आत्महत्या होती. खून झाला, पण मी केला नाही. मी मारलं, पण कायद्याने तो हक्क मला होता, जसं स्वसंरक्षण. आणि चौथा, मारलं, पण ते माफ होण्यासारखं आहे. पहिले तीन तुला लागू नाहीत, हे तो स्वच्छ सांगतो. बायकोवरच्या अत्याचारानंतर बराच वेळ गेला होता, त्यामुळे संरक्षणाचा मुद्दा टिकत नाही. मग कायद्याला चालेल अशी सबब कोणती? मॅनियन चाचपडतो. राग आला होता म्हणतो, तर वकील मान हलवतो. शेवटी वेडाचा शब्द मॅनियनच्याच तोंडून निघतो. वकिलाने एकही खोटं वाक्य शिकवलेलं नसतं. वकिली व्यवसायाची नीतिमत्ता शिकवताना अमेरिकेत या प्रसंगाची चर्चा आजही होते.

पण नुसतं वेड म्हणून भागत नाही, आणि इथे गोष्ट शंभरेक वर्षं मागे जाते. १८४३ मध्ये इंग्लंडात डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. त्या खटल्यानंतर निकष ठरला: आपण काय करतोय हे आरोपीला कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, तरच वेडाचा बचाव चालेल. मॅनियनला तर कळत होतं. चित्रपटात लष्कराचा मनोविकारतज्ज्ञ सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना हे कबूल करतो, तेव्हा बचाव कोसळल्यात जमा असतो. तो सावरतो मिशिगनच्याच १८८६ च्या एका निवाड्याच्या आधाराने. ‘पीपल विरुद्ध डर्फी’ या प्रकरणात कोर्टाने म्हटलं होतं की, बरंवाईट कळत असूनही मानसिक आजारामुळे स्वतःला आवरता आलं नाही, तर तोही बचाव होऊ शकतो. अनावर ऊर्मीचं हे तत्त्व बीगलर आणि त्याचा दारूडा जोडीदार कायद्याच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या खंडातून शोधून काढतात.

आपल्याकडे हे तत्त्व नाही. भारतीय दंड संहितेचं ८४ वं कलम आणि आता भारतीय न्याय संहितेचं २२ वं, दोन्ही मॅकनॉटनच्या चाकोरीतली आहेत. योगायोग असा की चित्रपटाचं मार्क्वेटमध्ये चित्रीकरण चालू असतानाच, २७ एप्रिल १९५९ ला, मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. तिथेही मधे गेलेला वेळच आडवा आला: पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास होते, डोकं थंड व्हायला तेवढे पुरेसे होते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं.

दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांनी हॉलिवूडमध्ये सेट उभारले नाहीत. मार्च ते मे १९५९ या काळात सगळा फौजफाटा मार्क्वेट काउंटीत आणून, मूळ खटला चालला त्याच कोर्टात चित्रीकरण केलं. जेम्स स्ट्युअर्ट बीगलर झाले. न्यायाधीशाच्या भूमिकेत मात्र नट नव्हता. ते होते बॉस्टनचे वकील जोसेफ वेल्च, ज्यांनी १९५४ मध्ये टीव्हीवर दिसणाऱ्या सुनावणीत कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेसाठी गाजलेल्या सेनेटर मॅकार्थींना त्यांची लाज काढणारा प्रश्न विचारला होता. एका प्रसंगी साक्षीत पँटीचा उल्लेख येतो आणि कोर्टात हशा पिकतो. न्यायाधीश सगळ्यांना मनसोक्त हसून घ्या म्हणतात आणि मग बजावतात: या कपड्याचा संबंध एकाच्या मृत्यूशी आहे आणि दुसऱ्याला त्यापायी तुरुंगात जावं लागू शकतं. वेल्च हे इतक्या सहजपणे करतात की पुढे नटांनी केलेले कितीतरी न्यायाधीश फिके वाटतात. संगीत ड्यूक एलिंग्टन यांचं. त्याला तीन ग्रॅमी मिळाले. ऑस्करची नामांकनं सात होती, पदरात एकही पडलं नाही. ते वर्ष ‘बेन हर’चं होतं.

खून पडद्यावर दिसत नाही, बलात्कारही नाही. मॅनियनची बायको खरं बोलते की नाही, हे प्रेक्षकालाच काय, तिच्या नवऱ्याच्या वकिलालाही शेवटपर्यंत कळत नाही. कोर्टात उच्चारलेल्या शब्दांनी मात्र खळबळ उडाली. बलात्कार, गर्भनिरोधक असे शब्द १९५९ च्या अमेरिकी पडद्यावर ऐकू येत नसत. शिकागोच्या पोलीस सेन्सॉरने परवानगी नाकारली. प्रेमिंजर फेडरल कोर्टात गेले आणि जिंकले.

व्होल्कर यांनी थोड्याच काळात न्यायमूर्तिपद सोडलं. ट्राउट मासे पकडणं आणि लिहिणं हा त्यांचा पुढचा उद्योग. कायदाही बदलत गेला. मिशिगनने १९७५ मध्ये ‘दोषी, पण मनोरुग्ण’ असा तिसरा निकाल ज्युरीला उपलब्ध करून दिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा हिंक्ली १९८२ मध्ये वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरल्यावर लोक संतापले आणि १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने फेडरल कायद्यातून अनावर ऊर्मीचा बचावच काढून टाकला.

बिग बेचं प्रकरण मात्र चित्रपट लागल्यानंतरही कोर्टातून सुटलं नव्हतं. मृत बारमालकाची पत्नी आणि मुलगी यांनी प्रकाशक व चित्रपट कंपनीवर बदनामीचा दावा लावला. कादंबरीतली पात्रं आमच्यावरून घेतली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. मूळ घटना सगळ्यांना माहीत होती, पण त्या पात्रांत या दोघींना कोणी ओळखेल असं कोर्टाला पटलं नाही.