टॅबलेट, अ‍ॅप आणि पुस्तक : वर्गापर्यंतच्या प्रवासाची पार्श्वभूमी

२०१०मध्ये आयपॅड आला आणि त्यानंतर टॅबलेट शाळांत शिरला. त्यावरच्या शैक्षणिक अ‍ॅपमागचे विचार मात्र बरेच जुने आहेत. त्यांची ठळक दोन घराणी आहेत. एक यंत्राकडून शिकवून घेते : प्रश्न, उत्तर, लगेच निकाल. दुसरे यंत्र मुलाच्या हाती देते आणि त्यातून काही घडवायला सांगते. समोरचे अ‍ॅप कोणत्या घराण्यातले आहे हे ओळखता आले, की निवड निम्म्याने सोपी होते.

पहिल्या घराण्याची सुरुवात १९२०च्या दशकात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी केली. त्यांच्या यंत्रात बहुपर्यायी प्रश्न दिसे आणि योग्य कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. १९५४मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आपले यंत्र पुढे आणले. त्यांचा पर्यायांनाच आक्षेप होता. मुलाने उत्तर स्वतः तयार करावे आणि धडा अगदी लहान पायऱ्यांत मांडावा, असे त्यांचे म्हणणे होते. आजची शब्दओळखीची व पाढ्यांची बहुतेक अ‍ॅप प्रेसींच्या वाटेने जातात आणि त्यांचा दोषही तोच आहे. चार पर्याय असले तर अंदाजाने टिचकी मारूनही चारातले एक उत्तर बरोबर येते. चूक झाल्यावर अ‍ॅप नुसते ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणत असेल, तर मूल विचार न करता एकेक पर्याय दाबत जाते. धडा पूर्ण होतो, शिकणे होत नाही. म्हणून पडद्यावर सोडवलेले पाच प्रश्न दुसऱ्या दिवशी पर्याय न देता कागदावर विचारावेत. दोन्हींतला फरक लगेच कळतो.

दुसरे घराणे १९६७च्या ‘लोगो’पासून ओळखता येते. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झिग यांनी मुलांसाठी घडवलेल्या या संगणकभाषेत आज्ञा मूल देते आणि यंत्र ती पाळते. १९७२मध्ये संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना लिहून मांडली : वहीएवढा, सोबत नेता येणारा, मुलांनी वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत असा संगणक. त्या काळच्या तंत्राने तो बनणे शक्य नव्हते. स्पर्शाचा पडदा मात्र त्याच वर्षी शिक्षणात पोहोचला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या यंत्रणेचा पडदा १६ बाय १६, म्हणजे २५६ चौकोनांत बोटाची जागा ओळखत असे.

पुस्तकाची परंपरा तर आणखी मागे जाते. शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअस यांच्या १६५८च्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे होते आणि मजकुरात त्याच आकड्यांपाशी त्यांची नावे. चित्र आणि शब्द यांची ही सांगड म्हणजे ई-पुस्तकातल्या ‘टिचकी मारा, नाव ऐका’ या सोयीची पूर्वज. १९९२मध्ये सीडी-रॉमवर आलेल्या ‘लिव्हिंग बुक्स’ मालिकेने तिच्यात भर घातली. शब्द उजळत वाचन होई आणि चित्रात कुठेही क्लिक केले की काहीतरी हाले, गाई, नाचे.

अडचण इथेच सुरू झाली. मुले नाचणाऱ्या वस्तूंतच रमली तर कथा बाजूला पडते. १ ते ८ वर्षांच्या १,८१२ मुलांवरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरचे पुस्तक छापील पुस्तकाची नुसती नक्कल असेल, तर कथेचे आकलन छापील पुस्तकातून चांगले होते, असे त्यात आढळले. जिथे जादा सोयी कथेलाच धरून होत्या, तिथे पडदा सरस ठरला. शब्दार्थ दाखवणाऱ्या सोयीने शब्द वाढले, कथेचे आकलन मात्र वाढले नाही. यावरून ई-पुस्तकाची साधी चाचणी करता येते. कोणत्याही तीन पानांवरची प्रत्येक हालचाल पाहावी आणि ती प्रसंग समजायला मदत करते का, हे विचारावे. उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येत असेल, तर छापील प्रत घ्यावी.

नुसते यंत्र वाटून काय होते, याचा अनुभव पेरूने घेतला. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांतील लॅपटॉप-योजनेच्या २०१२च्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. यंत्रे वाढली, वर्गातले काम तेच राहिले. मुलांच्या भाषेतला आणि पायरी-पायरीने रचलेला आशय किती फरक पाडतो, हे पुढे टांझानियात दिसले. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या शैक्षणिक अ‍ॅपच्या स्पर्धेच्या चाचणीत स्वाहिली अ‍ॅप असलेले टॅबलेट खेड्यांतल्या मुलांना दिले गेले. २०१९मध्ये ‘किटकिट स्कूल’ आणि ‘वनबिलियन’ हे संयुक्त विजेते ठरले.

लहान वर्गांत पुस्तक आणि घडवण्याचे यंत्र या दोन्ही परंपरा जोडण्यासाठी २०१४चे ‘स्क्रॅच ज्युनिअर’ हे मोफत अ‍ॅप फार उपयोगी आहे. त्यात आज्ञांचे ठोकळे जोडून मूल पात्रांना हलवते आणि गोष्ट घडवते. आधी छापील गोष्ट मोठ्याने वाचावी. मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ विचारावे. मग कागद दुमडून त्याचे चार भाग करून त्यांत सुरुवात, अडचण, प्रयत्न, शेवट अशी चित्रे काढायला सांगावीत. अ‍ॅपमध्ये एका प्रकल्पाला चारच पाने मिळतात, त्यामुळे हा आराखडा तसाच उतरतो. ठोकळ्यांवर शब्द नाहीत, चित्रे आहेत. वाचता न येणारे मूलही ते जोडू शकते. दोन मुलांत एक टॅबलेट द्यावा, म्हणजे बोलणे आपोआप होते.

बिघडते ते ठरलेल्या जागी. रंगकामाच्या खिडकीत सगळा तास जातो. म्हणून पहिल्या दिवशी अ‍ॅपमधलीच पात्रे वापरावीत. आवाज नोंदवला जात नसेल तर मायक्रोफोनची परवानगी तपासावी. प्रकल्प त्याच टॅबलेटमध्ये साठतात, अ‍ॅप काढून टाकले की तेही जातात. वर्षअखेरीस यंत्रे साफ करण्यापूर्वी प्रत्येक प्रकल्प दुसरीकडे पाठवून ठेवावा.