डोळस सोबत्यासह पदभ्रमण (वडोदरा परिसर)

अंध व अल्पदृष्टी तरुणांनी डोळस सोबत्याच्या आधाराने उद्यानात, माळावर किंवा डोंगरवाटेने केलेली भटकंती. सोबती वाट दाखवतो, ओढत नाही. पकड चालणाऱ्याची असते. चालणारा सोबत्याचा दंड कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धे पाऊल मागे राहतो. त्यामुळे चढ, वळण, थबकणे त्याला हातातूनच कळते. सोबत्यानेच बखोट धरून पुढे रेटले, तर अनोळखी जागी पहिला पाय अंध मुलाचा पडतो. नवखे स्वयंसेवक हीच चूक करतात.

वाट अरुंद झाली की सोबती आपला हात पाठीमागे नेतो. त्या खुणेवर चालणारा सरळ त्याच्या मागे येतो. खडकाळ उतारावर दंडाची पकड टिकत नाही. तिथे अडीच-तीन मीटरचा हलका बांबू वापरतात: पुढे एक सोबती, मागे दुसरा, मधे चालणारा, तिघांचा हात एकाच बाजूने बांबूवर. पुढच्याचे पाऊल खाली गेले की बांबू कलतो आणि पायरीची उंची बोलण्याआधीच समजते.

तोंडी सूचनेत जागा, माप आणि कृती हवी: ‘फांदी, कपाळाशी, वाक’; ‘उजवीकडे खोल, डावीकडे सरक’. नुसते ‘जपून!’ म्हटल्याने मूल जागच्या जागी गोठते, बाकी काही साधत नाही. पांढरी काठी कमरेखालचेच अडथळे सांगते, शिवाय दगडांच्या फटीत अडकते. म्हणून कपाळ व डोळ्यांसाठी पुढे झाप असलेली टोपी आणि पारदर्शक चष्मा घालावा.

सरावाला सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये उभारलेली कमाटीबाग सोयीची. मात्र विश्वामित्रीच्या काठाकडे गट नेऊ नये. नदीत मगरी आहेत. पुढचा टप्पा पावागड, माथ्यावर कालिकामातेचे मंदिर असलेला डोंगर. शहरापासून साधारण ५० किमी, उंची सुमारे ८०० मीटर. माचीपर्यंत वाहन जाते, तिथून पायऱ्या किंवा रोपवे. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे लय धरून चढणारा अडखळतो. दर बदलाला आवाज द्यावा लागतो. नवरात्रात जाणे टाळावे: गर्दीचे धक्के एकवेळ सोसतील, पण गलबल्यात सोबत्याचा आवाजच हरवतो. पावसाळ्यात दगड निसरडे होतात; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

प्रत्येकामागे एक सोबती आणि चौघांमागे एक जादा, एवढी माणसे नसतील तर डोंगर नकोच. थकलेला सोबती आधी बोलणे कमी करतो, आणि अपघात तिथूनच सुरू होतात. तासाभराने जोड्या बदलाव्यात. अल्पदृष्टी मुलांना झाडाखालची ऊन-सावलीची नक्षी खड्ड्यासारखी भासते. रेटिनायटिस पिगमेंटोसा (दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार) असलेल्यांना रातांधळेपणा असतो, म्हणून परतीचा हिशेब सूर्यास्ताच्या तासभर आधीचा ठेवावा आणि उतरणीला चढाइतकाच वेळ धरावा.