तागडीशिवाय मोजलेलं वस्तुमान

पावसाळ्यात गोव्यात स्थितिक विजेचा प्रयोग दाखवणं म्हणजे शिक्षकाचीच परीक्षा. डिचोलीच्या आमच्या शाळेत सर फणी केसांवर घासघास घासायचे, पण कागदाचे कपटे टेबलावरून हलायचे नाहीत. दमट हवेत फणीवर ओलाव्याचा पातळ थर धरतो आणि प्रभार, म्हणजे साठलेली वीज, निसटतो. जानेवारीतल्या दुपारी तेच कपटे टुणकन उडी मारून चिकटायचे.

हा प्रभार वाहून नेतो तो इलेक्ट्रॉन नावाचा कण. पुस्तकातल्या तक्त्यात त्याचा प्रभार आणि वस्तुमान शेजारी शेजारी छापतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजले असतील असं वाटतं. तसं झालं नाही. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत वळवले, तेव्हा हाती आलं ते फक्त प्रभार भागिले वस्तुमान. हायड्रोजनच्या आयनापेक्षा (प्रभारित अणूपेक्षा) ते हजारपटीहून जास्त भरलं. पण कण फार हलका, की प्रभार फार मोठा? बांगड्यांचा किलोचा भाव ठाऊक. पिशवीत किती आणि पैसे किती दिले, दोन्ही गुलदस्त्यात!

ही गाठ सुटली शिकागोत. रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचा विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी १९०९ च्या सुमारास तेलाचे थेंब वापरायला घेतले, कारण पाण्याचे बघता बघता उडून जायचे. अत्तराच्या फवाऱ्याने तेल उडवायचं, दोन धातूच्या चकत्यांमध्ये उतरलेला एकच थेंब दुर्बिणीत धरायचा, विजेच्या दाबाने वर चढवायचा, दाब काढून पडू द्यायचा. तासन् तास हेच. थेंबावरचा प्रभार दर वेळी एकाच किमान आकड्याच्या पूर्ण पटीत निघे. तो किमान आकडा म्हणजेच एका इलेक्ट्रॉनचा प्रभार. मिलिकन यांचा १९१३ चा आकडा आजच्या एककात १.५९२ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम. आज तिथे १.६०२ आहे. हवेच्या चिकटपणाचा आकडा त्यांनी किंचित कमी धरला होता. प्रभार कळल्यावर इलेक्ट्रॉनचं वस्तुमान नुसत्या भागाकाराने मिळालं: अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या सुमारे १८३६ वा हिस्सा.

या युक्तीला प्रभार लागतोच. प्रोटॉनचा अणुकेंद्रातला शेजारी न्यूट्रॉन, त्याला तो नाही, म्हणून कुठलंही क्षेत्र त्याला वळवेना आणि तो १९३२ पर्यंत हाती लागला नाही. जेम्स चॅडविक यांनी मग कॅरमवाल्याचा डोळा वापरला. या अदृश्य स्ट्रायकरने हायड्रोजनची सोंगटी किती वेगाने उडते आणि जड नायट्रोजनची किती, यावरून स्ट्रायकरचं वस्तुमान काढलं. ते जवळपास प्रोटॉनइतकंच भरलं. पुढच्या मोजण्यांत न्यूट्रॉन सुमारे ०.१४ टक्क्याने जड निघाला.