अंगावरून वारं गेल्यानंतर : कॉट घेऊन जाणाऱ्या घरांसाठी माहितीपत्रक

कॉट जोडून होते, चाकांचे ब्रेक कसे लावायचे ते दाखवून होतं, एअर बेडचा पंप सुरू होतो आणि आमची मुलं निघायच्या बेतात असतात. तेवढ्यात घरातलं कुणीतरी दारापर्यंत येतं आणि हळू आवाजात विचारतं, "हे असं अचानक कशानं झालं हो? आणि आता चालतील ना?"

आम्ही डॉक्टर नाही. कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची भाड्यानं देणारं आमचं छोटं दुकान आहे. पण पक्षाघाताच्या रुग्णांची इतकी घरं पाहिल्यावर या दोन प्रश्नांना "देवाची इच्छा" एवढंच म्हणून परत फिरणं आम्हाला जमत नाही. या दोन्ही प्रश्नांवर जगभर मोठे अभ्यास झाले आहेत, काही आपल्या देशातही झाले आहेत. त्यातलं घराला उपयोगी पडेल तेवढं इथे दिलं आहे. तुमच्या रुग्णाबाबत शेवटचा शब्द मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

हे कशानं झालं?

मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं तुंबली की पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. तीच वाहिनी फुटली तर रक्त मेंदूत साठतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. नक्की काय झालंय हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. मुंबईत २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं सुमारे १ लाख ५७ हजार वस्तीच्या एका भागात पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेली. त्यात ४५६ जणांना आयुष्यातला पहिला झटका आला होता. त्यांचं सरासरी वय ६६ होतं आणि दर १० पैकी ८ जणांचा झटका गुठळीचा होता. २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के माणसं गेली. तुमचा माणूस आज घरी कॉटवर आहे, म्हणजे त्यानं सगळ्यात अवघड टप्पा पार केला आहे.

आता "अचानक" या शब्दाबद्दल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं 'इंटरस्ट्रोक' नावाचा अभ्यास झाला. ३२ देशांतले १३,४४७ रुग्ण आणि जवळपास तेवढीच झटका न आलेली माणसं त्यात होती. भारतातलेही रुग्ण होते. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. दहा गोष्टी मिळून दहातल्या नऊ झटक्यांचा हिशेब लागतो, असं त्यात दिसलं: उच्च रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातली चरबी, खाणं, पोटाचा घेर, मनावरचा ताण, धूम्रपान, हृदयविकार, दारू, मधुमेह. या दहांमध्ये रक्तदाब एकटाच इतका मोठा की कुणालाच उच्च रक्तदाब नसता तर जवळपास निम्मे झटके आलेच नसते.

म्हणजे झटका एका क्षणात आला, तरी त्याची तयारी दहा-वीस वर्षं चालू होती. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. मेंदूच्या आतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या त्या दाबाखाली रोज थोड्या जाड आणि ठिसूळ होत जातात. बहुतेक घरांत आम्हाला एकच गोष्ट ऐकायला मिळते: "बीपीची गोळी होती, पण बरं वाटत होतं म्हणून बंद केली." किंवा, "गोळीची सवय लागते म्हणून सांगितलं कुणीतरी." आम्हाला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टळण्यासारखं होतं. दाब ताब्यात होता तो गोळीमुळेच. ती थांबवली की दाब पुन्हा वर जातो, आणि माणसाला ते जाणवतसुद्धा नाही. गोळीनं त्रास होत असेल तर डॉक्टर ती बदलून देतात. आपल्या मनानं ती सोडू नका.

"वय झालं की बीपी वाढायचाच," असंही म्हणतात. वाढतो हे खरं, पण म्हणून तो सोडून द्यायचा नसतो. अमेरिकेत १९९१ साली संपलेल्या एका चाचणीत साठीपुढच्या ४,७३६ माणसांना घेतलं होतं. सगळ्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. औषध मिळालेल्या गटात झटक्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी राहिलं. सासूबाईंची गोळी सुनेइतकीच महत्त्वाची आहे, आणि आजोबांची मुलाइतकीच.

मिठाचंही सांगायला हवं. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तेही सगळ्या पदार्थांतलं धरून. आपल्या ताटात डावीकडेच मीठ, लोणचं, चटणी, पापड, खारवलेली मिरची मांडलेली असते. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत त्या खेड्यांतले झटके १४ टक्क्यांनी कमी झाले. असं 'लो सोडियम' मीठ आता आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा काही ठरावीक बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पापड कमी करायला मात्र कुणाला विचारायला नको.

एक कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. हृदयाचे ठोके बेताल पडत असतील तर हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की अशा माणसांना झटक्याचा धोका जवळपास पाचपट असतो. बऱ्याच बीपी मशीनवर ठोके अनियमित असले की हृदयाची छोटी खूण लुकलुकते. ती खूण पुन्हा पुन्हा दिसली तर "मशीन बिघडलंय" म्हणून आमच्याकडे बदलायला आणू नका. आधी ईसीजी काढा.

आलं आणि गेलं, तेव्हा

कधीकधी हातातला कप निसटतो, जीभ जड होते आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, पित्त असेल. हा अशक्तपणा नव्हे. वाहिनी क्षणभर तुंबून पुन्हा मोकळी झालेली असते आणि खरा झटका येणार असेल तर तो बहुधा पुढच्या काही दिवसांतच येतो. ऑक्सफर्डमध्ये २००४ साली अशा रुग्णांना आणि सौम्य झटका आलेल्यांना त्याच दिवशी तपासून औषध सुरू करण्याची पद्धत आणली गेली. त्याआधी शंभरातल्या १० जणांना ९० दिवसांत पुन्हा झटका येत असे, नंतर तो २ जणांवर आला. औषधं जुनीच होती, फक्त ती लगेच मिळाली.

हे पत्रक लिहिणाऱ्याच्या वडिलांचं असंच झालं. सकाळी चहाचा कप दोनदा सांडला, दुपारी ते बरे होते, म्हणून आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी उजवी बाजू गेली. त्यांच्यासाठी घेतलेली कॉट ही या दुकानातली पहिली कॉट.

चालतील का?

बरेच जण चालतात. किती आणि कधी हे मेंदूचा केवढा भाग गेला त्यावर ठरतं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये शेकडो रुग्णांची चाल आठवड्या-आठवड्याला तपासली गेली. चालण्यात जी काही सुधारणा व्हायची ती १०० पैकी ९५ जणांत पहिल्या ११ आठवड्यांत होऊन गेली होती. त्यामुळे हे पहिले तीन महिने सोन्याचे समजा. "जरा ताकद येऊ दे, मग व्यायाम सुरू करू," असं म्हणणाऱ्या घरांत हेच तीन महिने वाया जातात.

पण तीन महिने उलटले म्हणून आशाही सोडू नका. हाताचं गणित वेगळं असतं. २००६ साली छापलेल्या एका अमेरिकन चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. थोडीफार हालचाल शिल्लक असलेल्या हातानंच कामं करता यावीत म्हणून चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घातला. लुळ्या हाताचा वापर वाढला आणि वर्षभरानंतरही तो टिकून होता. हे घरच्या घरी मनानं करू नका, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

उलट टोकही असतं. रुग्णालयात पहिल्याच दिवशी "उठवा, चालवा" असा आग्रह काही नातेवाईक धरतात. २०१५ सालच्या एका चाचणीत २,१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांत जास्त वेळा उठवलेल्या रुग्णांचा निकाल थोडा खालावलेलाच निघाला. केव्हा उठवायचं हे तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या.

घरच्यांनी काय करावं

'घरच्यांनाच व्यायाम शिकवला तर?' हा प्रश्न आपल्याच देशात तपासला गेला आहे. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या नातेवाइकांना रीतसर प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत निकाल सारखाच निघाला: १०० पैकी ४७ जण एकतर गेले होते किंवा परावलंबी होते. हे वाचून खचू नका. आम्ही त्यातून एवढंच घेतो की तुमची सेवा फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. आठवड्यातून दोनदा का होईना, शिकलेल्या माणसाला बोलवा. पैसे कमी पडत असतील तर आमच्याकडून महागडी इलेक्ट्रिक कॉट नेऊ नका, हातानं फिरवायची साधी कॉट न्या आणि उरलेले पैसे व्यायामावर खर्च करा.

दुसरी गोष्ट आमच्याच धंद्याची. "पायात गुठळी होऊ नये म्हणून लांब घट्ट मोजे द्या," अशी मागणी रोज येते. २००९ साली पक्षाघाताच्या २,५१८ रुग्णांवर मांडीपर्यंतच्या मोज्यांची चाचणी झाली. गुठळ्या कमी झाल्या नाहीत, पण मोजे घातलेल्यांच्या कातडीला जखमा जास्त झाल्या. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच आम्ही ते मोजे देतो. हवेनं पाय दाबून सोडणारं यंत्र मात्र २०१३ च्या चाचणीत उपयोगी ठरलं. ते सुरुवातीच्या दिवसांत रुग्णालयात वापरायचं असतं.

लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीच ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो. उठवताना कमरेला पट्टा बांधा. पट्टा आम्ही कॉटबरोबर देतोच. एअर बेड घेतला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा आणि घोटे रोज उजेडात पाहा. लाली दाबूनही जात नसेल तर ती जखमेची सुरुवात असते.

गिळणं तपासल्याशिवाय तोंडातून पाणीही देऊ नका. खाऊ घालताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि घास चांगल्या बाजूनं. पेज जमते म्हणून पाणी जमेलच असं नाही, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत सहज जातं आणि न्यूमोनिया होतो.

आणि रडणं. दर तीन रुग्णांतला साधारण एक जण पुढे नैराश्यात जातो. व्यायाम नको म्हणणं, जेवण नको म्हणणं, नातवंडांकडेही न बघणं हा हट्ट नसतो, आजार असतो. त्यावर उपचार आहेत. "मन खंबीर ठेवा" असं रोज ऐकवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा झटका आलेल्या ६,१०५ जणांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल २००१ साली आला. रक्तदाबाचं औषध घेणाऱ्यांत पुढचे झटके २८ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांचा दाब मुळात फार वाढलेला नव्हता त्यांनाही फायदा झाला. म्हणून गोळ्यांचा डबा कॉटच्या उशाशीच ठेवा आणि जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, एकदम दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर लगेच १०८ ला फोन करा आणि शेवटचं ठीक कधी होते ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी वाहिनी तुंबली असेल तर तारेनं गुठळी काढण्याचा उपाय काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करतात. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. म्हणून आजच चौकशी करून ठेवा: जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतो? मनानं अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर तेच उलटतं. पारव्याचं रक्त चोळण्यात किंवा लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला नेण्यात ते साडेचार तास घालवू नका. या समजुती पिढ्यान् पिढ्यांच्या आहेत आणि लोक त्या प्रेमापोटीच करतात, हे आम्हाला माहीत आहे. तरीही आधी सीटी स्कॅन.

बीपी मोजून देण्याबद्दल

दुकान सकाळी १० ते रात्री ८ उघडं असतं. बीपी मोजायचे पैसे घेत नाही, काही विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. चहा, तंबाखू, मिसरी किंवा जिना चढणं झाल्यावर अर्धा तास थांबून या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावं लागेल. पट्टा उघड्या दंडावर बांधून दोनदा मोजू आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून देऊ. ते कार्ड डॉक्टरांना दाखवा. घरचं मशीन असेल तर सोबत आणा, आमच्या मशीनशी ताडून पाहू. मनगटावरचं मशीन असेल तर दंडाचं घ्या, मनगटावरचे आकडे बरेचदा चुकतात. रुग्णाला आणता येत नसेल तर भाडं घ्यायला येणारा मुलगा घरी मोजून देईल. त्या वेळी घरातल्या इतरांनीही हात पुढे करावा.